दहा-बारा की दहा ते बारा?

आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्त्याचा महाप्रसाद मी एकदा रद्द केला. हेतू वाईट नव्हता. खराडीच्या ऑफिसात बसलो होतो, शेजारी चहा निवत होता, आणि एका ओळीत मी एक वजा केला. त्या एका वजाबाकीनं गावजेवणाच्या पंगतीच्या पंगती उठल्या.

गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या अंगाला. सासुरवाडी दौंड. म्हणजे माझा जन्म एसटीच्या वेळेवर आणि लग्न रेल्वेच्या वेळेवर. शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे आमच्याकडचा माणूस वेळ सांगतो ती 'सकाळच्या गाडीनं', 'शाळा सुटायच्या टायमाला', 'दिवस कलला की' अशी. दौंडला मात्र १८५८ साली रूळ आले आणि तेव्हापासून तिथल्या माणसांच्या जिभेवर सेकंदकाटा बसला. तिथं सतरा-पंचेचाळीसला चहा होतो आणि वीस-दहाला कुकर लागतो. पुण्याला अप-डाउन करण्यात हयात गेलेली माणसं ती.

आमच्या लग्नाच्या बैठकीतच याची चुणूक दिसली होती. वऱ्हाड कधी पोचावं असं आमच्या चुलत्यांनी विचारलं. सासरे म्हणाले, "चौदा-पंचवीसला." चुलते जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "चौदा-पंचवीस नाही हो, चांगली तीन-चारशे माणसं येतील."

तेव्हा मी हसलो होतो. या विनोदावर पुढं माझी नोकरी चालणार आहे हे ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी सप्त्याच्या मीटिंगला मी चुकून हजर राहिलो. विषय पत्रिका छापण्याचा होता. पत्रिकेत मान्यवरांचे फोटो असतात, कुणाचा तरी फोटो कुणाच्या तरी फोटोपेक्षा लहान निघतो, आणि मग वर्षभर दोन भावक्या एकमेकींच्या लग्नाला जात नाहीत. कुणीतरी तोडगा काढला, "हा कंप्युटरमध्ये आहे ना? मग मोबाईलवर टाकू." झालं. तीन महिन्यांत मी गावाचं ॲप केलं. सप्ता, यात्रा, शेतीच्या लाइटच्या वेळा, लग्नं आणि दशक्रिया, असे पाच कप्पे. त्यातला दशक्रियेचा कप्पा पहिल्या दिवसापासून बिनचूक चालला. आमच्याकडं वेळेवर सुरू होणारा तेवढा एकच कार्यक्रम आहे.

आता थोडं धंद्यातलं सांगतो, कंटाळू नका. दोन तारखा दिल्या की 'अमुक ते तमुक' असं त्या त्या भाषेच्या रिवाजानं लिहून देणारी तयार सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. दिसतं तितकं ते सोपं नाही. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो, आपण दिवस आधी लिहितो, जपानी वर्षापासून सुरू करतो. दोन्ही तारखा एकाच महिन्यातल्या असतील तर महिना एकदाच लिहायचा, दोन्ही वेळा दुपारच्याच असतील तर 'दुपारी' दोनदा म्हणायचं नाही. शेकडो भाषांचे असले रिवाज युनिकोडवाल्यांनी सीएलडीआर नावाच्या एका मोठ्या कोठारात भरून ठेवले आहेत. तुमचा फोन, तुमचा ब्राउझर, सगळे तिथूनच शिधा नेतात. जावास्क्रिप्टमध्ये तर २०२१ पासून एक हुकूम सोडला की काम होतं. मराठी म्हटलं की आकडेसुद्धा आपोआप देवनागरी येतात. हिंदी म्हटलं तर लिपी तीच, पण आकडे इंग्रजी येतात. हे पाहून मला उगाच दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं होतं.

तर सप्ता. दहा मेला बसणार होता. 'सप्ताह म्हणजे सात दिवस' हे मी मशीनला सांगितलं. आमच्या धंद्यात कालावधीचा शेवटचा दिवस धरत नाहीत. दहा ते सतरा म्हणजे दहा उजाडल्यापासून सतरा उजाडेपर्यंत. लॉजच्या खोलीसारखं, सतराला सकाळी किल्ली द्यायची. म्हणून माणसांना दाखवताना एक वजा करायचा. केला. ॲपवर सोळापर्यंतचा कार्यक्रम झळकला. गणित चोख होतं.

संध्याकाळी तात्यांचा फोन आला. तात्या माळकरी, पस्तीस वर्षं वीणा धरतात, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "बाळा, काल्याशिवाय सप्ता उठतो का रे?"

काल्याचं कीर्तन आठव्या दिवशी. महाप्रसाद त्याच दिवशी. सात दिवसांचा सप्ता आठ तारखा खातो हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. ज्या भाषेनं सात दिवसांच्या मुदतीला 'आठवडा' असं नाव दिलं, आठ हा आकडा नावातच घालून ठेवला, त्या भाषेत मी एक वजा करायला गेलो होतो. तोवर आचाऱ्यानं दुसरी सुपारी घेतली होती आणि बुंदीच्या कढया तिसऱ्याच गावाला निघाल्या होत्या. त्या परत आणायला मला स्वतःला ट्रॅक्टरवर बसून जावं लागलं. कढईत बसून परत आलो. बाकी जागा नव्हती.

चूक दुरुस्त केली. ॲपवर आलं, '१०–१७ मे'. मी निवांत झालो.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. "अरे, दहा-सतरा म्हणजे नक्की कधी?"

मी म्हटलं, "दहा ते सतरा."

"मग तसं लिही ना. दहा-सतरा काय लिहितोस? आम्हाला वाटलं अजून ठरायचंय."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या आडव्या रेघेकडं बघत बसलो. मावशीचं बरोबर होतं, आणि जगातल्या सगळ्या मराठी फोनांचं चूक होतं. मराठीत दोन आकड्यांमध्ये आडवी रेघ आली की तिचा अर्थ 'ते' होत नाही, 'सुमारे' होतो. 'दहा ते बारा' हा शब्द दिलेला असतो. 'दहा-बारा' हा अंदाज असतो. दहा ते बारा दवाखाना उघडा म्हणजे डॉक्टर बसलेला आहे. दहा-बाराला डॉक्टर येतात म्हणजे डबा घेऊन जा.

या रेघेवर आपला निम्मा संसार चालतो. पाच-दहा मिनिटांत येतो, दोन-चार दिवसांत देतो, दहा-वीस हजारांचं काम आहे. यात आकडे ओळीनं यायला हवेत असंही नाही. 'आठ-पंधरा दिवसांत बघू' असं म्हणतो तेव्हा मधले नऊ ते चौदा कुठं गेले हे कुणी विचारत नाही. आठ-पंधरा दिवस म्हणजे एक-दोन महिने. 'चार-दोन माणसं' म्हटलं की आकडे उतरतात आणि माणसंही जरा मोजकी, घरची वाटायला लागतात. न्हावऱ्याहून दौंडकडं जाताना चौफुला लागतं. तिथं कला केंद्रं आहेत. त्या वाटेनं संध्याकाळी निघालेला माणूस घरी सांगून जातो ती वेळ कायम रेघेचीच असते: "नऊ-दहापर्यंत येतो." त्याला 'ते' कुणी वापरायला लावलेलं मी पाहिलं नाही.

ॲपवरची रेघ मात्र इंग्रजी छपाईतून आली. तिथं तिचा अर्थ सरळ 'पासून पर्यंत' असा होतो. तिची ठरावीक लांबी असते, स्वतंत्र नाव असतं. कोठार भरताना मराठीच्या खणातही तीच ठेवली गेली आणि आपण कुणी बोललो नाही. आपल्याला वाटलं संगणकाला असंच लागत असेल.

आता लाइटचा कप्पा. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, शेतीपंपाची थ्री फेज लाइट चोवीस तास नसते. पाळ्या असतात. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की माणूस बॅटरी आणि काठी घेऊन उसाला दारं धरायला निघतो. शिरूर तालुक्यात ऊस म्हणजे बिबट्याचं घर, त्यामुळे 'दिवसा लाइट द्या' ही मागणी इथं हौसेची नाही. असल्या वेळा लिहिताना चूक करायला जागा नसते. आणि माझ्या ॲपनं पहिल्याच रात्री वडिलांना दाखवलं, '१०:०० म.उ. – ६:०० म.पू.'

वडील म्हणाले, "हे कुठल्या भागाचं आहे?"

मला कळेना. त्यांनी बोट ठेवलं. "म.उ. म्हणजे उर्वरित महाराष्ट्र ना? मग आपलं कुठंय?" शेजारी बसलेल्या चुलत्यांनी म.पू. चा उलगडा 'मध्यपूर्व' असा केला आणि तिकडं सकाळी सहाला लाइट जाते म्हणजे तिकडचंही काही खरं नाही असं मत दिलं.

मध्यान्हपूर्व आणि मध्यान्होत्तर. जुन्या आवृत्त्यांत एएम-पीएमचं मराठी असं केलेलं होतं आणि मी ज्या जुन्या साधनावर ॲप बांधलं त्यात ते अजून शाबूत होतं. अख्ख्या आळीत ते समजलं फक्त निवृत्त गुरुजींना. त्यांची सगळी नोकरी 'मध्यान्हपूर्व कार्यमुक्त, मध्यान्होत्तर रुजू' अशा कागदांवर झाली होती. शब्द वाचून त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "कुठं बदली झाली?"

मध्यान्ह ही आमच्या वापरातली खूणच नाही. आमच्याकडं दिवसाचे तुकडे वेगळे पडतात. काकडा पहाटे, पारायण सकाळी, हरिपाठ संध्याकाळी, कीर्तन रात्री. पहाटेला इंग्रजीत धड जागा नाही, त्यांचे चार आणि अकरा दोन्ही एएम. 'पहाटे अकरा' असं आपल्याकडं म्हणून बघा, बायको डॉक्टरकडं नेईल. नव्या आवृत्तीत एएम-पीएम सरळ इंग्रजीच ठेवलेत. पराभव मान्य केला म्हणायचा. पहाट, सकाळ, दुपार हे शब्दही कोठारात आहेत, पण ते मुद्दाम मागावे लागतात.

काकड्यावरून आठवलं. मशीन वेळ साठवतं ती ग्रीनिचच्या हिशेबानं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. ते साडेपाच मिळवायला मी एका पानावर विसरलो होतो. पहाटे चारचा काकडा त्या पानावर आदल्या रात्री साडेदहाला लागला. कीर्तन नऊ ते अकरा. म्हणजे बुवा अभंगाच्या ऐन भरात आणि मागून मंडळी देवाला उठवतायत. तात्यांचा पुन्हा फोन, तोच शांत आवाज. "देव झोपल्याशिवाय उठवायचा कसा, बाळा?" याला मात्र मी उत्तर शोधलं होतं. म्हटलं, तात्या, भारतीय प्रमाण वेळ १९०६ साली लागू झाली तरी मुंबई १९५५ पर्यंत स्वतःची वेळ लावून बसली होती, ३९ मिनिटं मागं. आपण एक पान साडेपाच तास मागं राहिलो तर काय बिघडलं? तात्या म्हणाले, "मुंबईकरांना काकडा नसतो."

खरा गोंधळ मध्यरात्रीचा. तो आम्हाला दौंडच्या फलाटावर समजला. सोलापूरच्या बाजूला एका लग्नाला जायचं होतं. तिकिटावर तारीख चौदा, वेळ शून्य-चाळीस. आम्ही सहा जण चौदा तारखेला रात्री जेवून, आवरून, अकरा वाजता दौंडला हजर. दोन ट्रंका, एक पैठणी, एक मूल. मेहुणा फलाटावरच भेटला. त्यानं तिकीट बघितलं आणि आधी माझ्या बायकोकडं, मग माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की त्या नजरेत आमच्या लग्नाची बैठक पुन्हा भरली.

"दाजी, ही गाडी काल गेली."

"काल कशी? आज चौदा आहे."

"चौदाच. पण रेल्वेचा दिवस रात्री बाराला उजाडतो. तुमची चौदाची शून्य-चाळीस म्हणजे तेराची रात्र."

आता चूक शंभर टक्के आमची होती, वेळापत्रक स्वच्छ होतं. पण तुम्हीच सांगा, 'चौदाची रात्र' म्हटल्यावर मराठी माणूस कुठली रात्र धरेल? चौदाचा दिवस मावळला की सुरू होते ती. ती पंधराचं कोंबडं आरवेपर्यंत चौदाचीच असते. मध्ये बारा वाजले तरी जागा असलेला माणूस 'उद्या' झाला असं मानत नाही. उद्या झोपून उठल्यावर होतो.

पंचांगवाल्यांनी हे कधीच ओळखलं. त्यांचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. म्हणून मध्यरात्रीनंतर दोनला तिथी संपत असेल तर काही पंचांगांत सरळ २६ वाजता संपते असं छापतात. चोवीसच्या पुढं मोजायचं, दिवस तोच ठेवायचा. हे जुनाट आहे असं वाटत असेल तर टोकियोला जा. तिथं रात्री उशिरा चालणाऱ्या बारच्या पाटीवर '१८ ते २६' लिहिलेलं असतं आणि टीव्हीवरचे रात्रीचे कार्यक्रम पंचवीस वाजता लागतात. सोलापूर-पुण्याच्या ज्योतिष्यानं आणि टोकियोतल्या दारूवाल्यानं एकमेकांना न विचारता एकच तोडगा काढला आहे. रात्रीशी दोघांचा संबंध जवळचा. रात्री दारं धरणाऱ्या शेतकऱ्यालाही हेच सोयीचं पडेल: सोमवार, २२ ते ३०. पण हे मी वडिलांना सुचवलं नाही. उर्वरित महाराष्ट्र अजून ताजा होता.

एवढं सगळं निस्तरून लग्नाच्या कप्प्याकडं वळलो आणि तिथं माझ्या विद्येनं हात टेकले. पहिलीच पत्रिका आली. लग्न गोरज मुहूर्तावर, सहा वाजून पस्तीस मिनिटांनी. ठीक. मिनिटाचा आग्रह धरायचा आणि अक्षता साडेसातला टाकायच्या, ही तर रीतच आहे. त्याखाली ओळ होती:

स्नेहभोजन : सायंकाळी ७ ते आपल्या आगमनापर्यंत.

आता हे कशात बसवू? मशीनला सुरुवात द्यावी लागते आणि शेवट द्यावा लागतो. इथं शेवट म्हणजे पाहुणा. पाचशे पत्रिका म्हणजे पाचशे शेवट. शेवटचा पाहुणा आलाच नाही तर भोजन अनंतकाळ चालू. आणि अर्थ बारकाईनं लावला तर आणखी पंचाईत होते: आपलं आगमन झालं की भोजन संपलं. सातला चालू आणि आपण दारात पाय ठेवला की बंद. हे वाक्य लिहिणाऱ्या माणसाला तसं म्हणायचं नसतं आणि वाचणाऱ्यालाही तसं वाटत नाही. दोघंही समजून असतात. तुम्ही कधीही या, ताट वाढलेलं आहे. शेवट मोकळा सोडण्याची सोय आंतरराष्ट्रीय मानकात २०१९ साली झाली. दोन टिंबं द्यायची. आपले छापखानेवाले ती त्याआधी कित्येक वर्षं देत आलेत, आणि नुसती टिंबं देत नाहीत, सोबत जेवण देतात.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, एवढ्याशा रेघेचं आणि शब्दाचं काय घेऊन बसलास. मोठ्या लोकांचाही एवढ्याशा गोष्टीवर जीव जातो. २०२२ मध्ये याच कोठाराच्या ४२व्या आवृत्तीत इंग्रजी वेळेतली पीएमच्या आधीची साधी मोकळी जागा काढून तिथं एक अरुंद मोकळी जागा बसवली. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण जगभरच्या किती तरी प्रोग्रॅमांना त्यानंतर वेळच वाचता येईना आणि ब्राउझरवाल्यांना गुपचूप जुनी जागा परत आणावी लागली. दिसायला तेवढीच, पण केसभर सरकलेली मोकळी जागा. आमच्याकडं याला बांध कोरणं म्हणतात आणि त्यावर दिवाणी दावे तीन पिढ्या चालतात.

चिन्यांनी मात्र हुशारी केली. त्याच कोठारात त्यांच्या खणात तारखांच्या मध्ये रेघ नाही, त्यांचा स्वतःचा 'ते' आहे, अक्षरात लिहिलेला. त्यांच्यातल्या कुणीतरी तो तिथं नेऊन ठेवला. आपला ठेवता येणार नाही असा कुठंही नियम नाही. युनिकोडवाल्यांच्या सर्व्हे टूलमध्ये ठरलेल्या मुदतीत मराठी जाणणाऱ्यांना आपलं मत नोंदवता येतं. मी नोंदवायचं ठरवलं आहे. आठ-पंधरा दिवसांत करतो.

तोवर ॲपमध्ये मी ती तयार सोय बंद केली आहे आणि 'ते' हातानं लिहिला आहे. लाइटच्या वेळेला पुढं 'सोमवार रात्र' असं अक्षरी लिहितो. तरीही वडील ॲप बघत नाहीत. स्टार्टरच्या पेटीवर खडूनं लिहितात: रा. १० ते स. ६.

यंदाही सप्ता आहे. दहा ते सतरा मे. काला सतराला सकाळी दहा ते बारा. महाप्रसाद त्यानंतर, आपल्या आगमनापर्यंत. दौंडकडून येणाऱ्यांनी तेराला पोचावं. तारीख तेरा नव्हे, वाजता तेरा.